गुरुवारचा दुधी

माझे बाबा हसायचे तेव्हा तोंडातून आवाज फुटायचा नाही. आधी खांदे हलायला लागायचे, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी, आणि शेवटी खांद्यावरचा टॉवेल तोंडात कोंबून ते कसंबसं म्हणायचे, "आई गं, मेलो." हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तेरा वर्षांची होते, आणि ते हसू मी आणलेलं नव्हतं. तळमजल्यावरच्या नाझनीनने आणलं होतं. आज हे लिहितानासुद्धा माझे दात एकमेकांवर घट्ट बसलेत. नवरा म्हणतो, चाळिशी आली तरी एका मुलीवर डूख धरून बसलीस. बसले तर बसले. त्याचे बाबा लहानपणापासून घरात होते, त्याला काय कळणार?

माझे नव्हते. मी जन्मले तेव्हा बाबा सौदीत कॅम्पमध्ये होते. इस्लामपूरला आयटीआय केलेले इलेक्ट्रिशियन, एका खोलीत सहा माणसं, वर्षातून एक महिना सुट्टी. त्या महिन्यात ते ब्लँकेटं, टँगचे डबे आणि खजूर घेऊन यायचे, आणि मी आईच्या पदराआडून त्यांच्याकडे बघायची. पाहुणा कधी जाणार, असं मी एकदा सगळ्यांदेखत विचारलं होतं म्हणे. पुढे ते फोरमन झाले, फॅमिली व्हिसा मिळाला आणि आम्ही दोघी अल-खोबरला आलो. तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. खिडकीतला एसी इतका घरघरायचा की आई स्वयंपाकघरातून हाक मारायची ती वाया जायची. पहाटे कंपनीची बस बाबांना समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लँटवर घेऊन जायची, संध्याकाळी आणून सोडायची. आले की अंघोळ, जेवण, बातम्या. मला विचारायचे, "अभ्यास झाला?" मी म्हणायची, "येस." संपलं. एका घरात राहूनही आमची ओळख तेवढीच होती, आणि ती वाढवायची कशी हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

सुट्टी तेव्हा गुरुवार-शुक्रवारी असायची. गुरुवारी दुपारी आई थालीपीठ लावायची, भाजणी इस्लामपूरहून आलेली, वर लोण्याऐवजी लबना, म्हणजे तिथलं घट्ट आंबट दही. बाबांना ते लोण्यापेक्षा जास्त आवडायचं, आणि आईला त्याचा फार राग यायचा. पाच वाजता एका इंग्लिश चॅनेलवर ते कार्टून लागायचं. अमेरिकेतलं, मोठ्यांसाठी काढलेलं. 'मोठ्यांसाठी कार्टून' ही गोष्ट आईला शेवटपर्यंत पटली नाही. "एवढे घोडे झाले आणि चित्रं बघतात," म्हणायची आणि स्वतः पोळपाट घेऊन दारात येऊन बसायची. त्यात एका गावातल्या टीव्हीवर हवामान सांगणारा माणूस होता. त्याचं डोकं वर निमुळतं, खाली फुगलेलं, म्हणून बाबांनी त्याचं नाव दुधी ठेवलं. दुधीचा अंदाज रोज चुकायचा. त्याची बायको, सासू, बॉस, गावचा पाद्री, देशाचा राष्ट्राध्यक्ष, युद्धावर निघालेले जनरल, कार्टूनवाले कुणाला म्हणून सोडायचे नाहीत. बाबा चकित व्हायचे. "आपल्याच राष्ट्राध्यक्षाला असं येड्यात काढतात? आणि ते पण टीव्हीवर?" आमच्या घरात बाबा कफीलचं, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा होता त्या अरबी मालकाचं, नावसुद्धा आवाज उतरवून घ्यायचे, आणि कफील काही आमच्या दिवाणाखाली बसलेला नव्हता.

पण बाबांचा खरा जीव अडकला होता दुधीच्या पुटपुटण्यात. बॉस अंगावर ओरडला की दुधी मान खाली घालून 'येस सर' म्हणायचा, आणि बॉसची पाठ वळली की आपल्याकडे तोंड करून काहीतरी पुटपुटायचा. मागे हशा पिकायचा. बाबांना ते ऐकायचं असायचं. त्यासाठी ते अर्धा तास एसी बंद करायचे, आणि आम्ही खोबरच्या त्या दमट उकाड्यात घामाने निथळत बसायचो. तरीही त्यांना कळायचं नाही. प्लँटवरचं इंग्लिश त्यांना पाठ होतं, ब्रेकर, पॅनल, शटडाऊन. हे अमेरिकन नाकातलं, भरभर, अर्धे शब्द गिळलेलं इंग्लिश निसटून जायचं. मग माझ्याकडे वळायचे. "काय म्हणाला गं?"

मला सगळं कळायचं. इंडियन स्कूलमध्ये इंग्लिशला मी पहिली असायची. पण मी काय म्हणायची? "काही नाही बाबा. जोक आहे. तुम्हाला नाही कळणार." बाबा मान हलवायचे आणि पडद्याकडे बघत राहायचे. आता माझी मुलगी असलीच कार्टून मोबाइलवर बघते, कानात बोळे घालून, आणि एकटीच खिदळते. मी विचारलं तर म्हणते, "मम्मा, लीव्ह इट." तिला रागवायला तोंड कुठून आणू?

तर नाझनीन. तिचं घर मूळ दापोलीकडचं. अब्बांचं कोपऱ्यावर किराण्याचं दुकान, तिकडे बकाला म्हणतात ते. ती खोबरमध्येच जन्मलेली, पाचवीपर्यंत अरबी शाळेत शिकलेली, आणि मग आमच्या शाळेत माझ्या वर्गात आली. इंग्लिश कच्चं. टीचरनी तिला माझ्या शेजारी बसवलं आणि मला सांगितलं, हेल्प हर. मी केली. मनापासून केली, कारण तेव्हा मी वर होते आणि ती खाली होती, आणि अशा वेळी मी फार चांगली मुलगी असते. तिच्या घरी डिश नव्हती, अब्बांना चालायचं नाही. म्हणून एका गुरुवारी मीच तिला म्हटलं, आमच्याकडे ये बघायला. माझ्याच पायावर मी धोंडा पाडून घेतला.

त्या दिवशी दुधीने 'आज लख्ख ऊन' म्हणून सांगितलं होतं आणि बॉस भिजून चिंब होऊन आला होता. बॉस ओरडला, दुधी पुटपुटला, बाबांनी सवयीने विचारलं, "काय म्हणाला गं?" माझं नेहमीचं उत्तर तोंडात तयार होतं. तेवढ्यात नाझनीन, जमिनीवर मांडी घालून, थालीपीठ चावता चावता बोलली, "चाचा, तो बोलतो, मी तर ऊनच सांगितला होता. ढगालाच तुमचा राग आला असंल, मी काय करू?"

पडद्याखालून अरबी अक्षरं पळत होती. आमच्या घरात ती अक्षरं कुणी वाचायला धजावलं नव्हतं, आम्हाला ती पडद्याची नक्षीच वाटायची. ही पोरगी ती पाण्यासारखी वाचत होती आणि तिच्या त्या कोकणी मराठीत वाढून देत होती. बाबांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग खांदे हलले. मग पोट. मग टॉवेल. आईच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. "अहो, काय झालं?" ती घाबरून म्हणाली. तिनेही त्यांना असं हसताना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

आणि गंमत ऐका. दुधी असलं काही म्हणालाच नव्हता. मी इंग्लिश ऐकलं होतं. तो बॉसच्या टकलाबद्दल काहीतरी बोलला होता. अरबीत काय लिहिलं होतं देव जाणे, पण ढगाचा राग नाझनीनच्या पदरचा होता, हे मी पैजेवर सांगते. ती पाटी वाचायची आणि त्यावर स्वतःची फोडणी घालायची. हे मला एकटीला कळत होतं, आणि मी एकटीच हसत नव्हते.

मग दर गुरुवारी ती येऊ लागली. बाबा साडेचारलाच अंघोळ करून बसायचे. "आली का मास्तरीण?" मास्तरीण! मला ते मिनू म्हणायचे, जसं कुठल्याही मिनलला म्हणतात. हिला मात्र खास नाव. तिच्यासाठी थालीपीठाला जास्त छिद्रं पाडायची, कारण तिला कुरकुरीत आवडतं. तिच्यासाठी टीव्हीसमोरची उशी. तिच्या आईकडून, म्हणजे खालांकडून, कधी सांदणं यायची, कधी घावणे, आणि आमच्याकडूनही ती ताटली कधी रिकामी जायची नाही. मी त्या उशीकडे बघत दिवाणावर बसायची. हिला स्वतःचे अब्बा आहेत ना? रोज दुपारी घरी जेवायला येणारे, जन्मल्या दिवसापासून घरात असलेले? मग माझे कशाला? मला एकच तर मिळाले होते, तेही आठ वर्षं उशिरा.

अरबी पाट्यांची आणखी एक खोड होती. लिहिणारे सगळं सोवळ्यात घ्यायचे. दुधी आणि त्याचे मित्र गुत्त्यात बसून बियर ढोसायचे, तर खाली लिहिलेलं असायचं 'असीर', म्हणजे ज्यूस. बॉसच्या मैत्रिणीची व्हायची वाग्दत्त वधू. त्यामुळे आमच्या घरात दुधी ज्यूस प्यायचा. तीन ग्लास ज्यूस पिऊन टेबलावर चढायचा, सासूला मिठी मारायचा, आणि पोलीस त्याला पकडून विचारायचे, "किती ज्यूस प्यायलास?" नाझनीन हे अगदी सरळ चेहऱ्याने सांगायची. बाबा विचारायचे, "कसला गं ज्यूस? डाळिंबाचा की काय?" ती म्हणायची, "नाय चाचा, डाळिंबानं एवढा नाय होत. आंब्याचा असंल." आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची. मला वाटायचं, किती भोळी आहेत ही माणसं. यांना बिचाऱ्यांना काही कळत नाही. सगळं कळणारी मी इथे बसलेय आणि मला कुणी विचारत नाही. आणि खरंच, "काय म्हणाला गं" हे बाबांनी मला विचारायचं बंद केलं होतं.

मग तो गुरुवार आला. खाला स्वतः वर आल्या होत्या, ताटली द्यायला. एरवी दारातूनच जायच्या, त्या दिवशी आईने हाताला धरून बसवलं, चहा टाकला. कार्टून चालू होतं. बॉस त्या बाईला घेऊन गुत्त्यात आला होता, दुधी समोर सापडला. नाझनीन रंगात आली होती. "चाचा, बॉस बोलतो, ही माझी होणारी बायको. तर ती बोलते, अवो, ज्यूस कमी प्या, मागल्या टायमाला तुमी माझ्या जागी खांबाला अंगठी घातलात!" बाबा गेले. टॉवेल तोंडात. आई हसली, खाला गालातल्या गालात हसल्या, आणि हसता हसता बाबांनी हात पुढे करून नाझनीनच्या डोक्यावर टपली मारली. नुसती टपली. माझ्या डोक्यावर त्यांचा हात शेवटचा कधी पडला होता, ते मला आठवेना.

"ज्यूस नाहीये तो!" मी ओरडले. "बियर आहे, बियर! आणि होणारी बायको कसली? त्या बॉसला ऑलरेडी बायको आहे. ही त्याची ठेवलेली आहे. आणि ती काय म्हणाली ते सांगू?" आणि मी सांगितलं. शब्दाला शब्द, इंग्लिशमध्ये आणि मग मराठीत, ते दोघं कुठे भेटतात आणि काय करतात ते. ठेवलेली हा शब्द मी कुठून उचलला होता मला माहीत नाही. बोलत असताना मला वाटत होतं, आता सगळे नाझनीनकडे बघतील. आता सगळ्यांना कळेल, ही खोटं सांगते आणि खरं मला येतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. टीव्हीतला हशा तेवढा चालू होता. बाबांनी रिमोट उचलून तो बंद केला. खालांनी उरलेला चहा सावकाश संपवला, कप बशीत ठेवला, ओढणी सारखी केली आणि म्हणाल्या, "चल गो नाझ, मगरिबचा टाइम झाला." मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाला अजून तासभर होता. नाझनीन उठली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही, बाबांकडे पाहिलं.

दार लागल्यावर आईने माझा दंड धरला. "जीभ आहे का कात्री? त्या बाईसमोर? त्या पोरीसमोर?" मी रडत म्हटलं, "पण ती तुम्हाला फसवत होती! तुम्हाला वाटत होतं तो ज्यूस आहे!" बाबा एसी चालू करत होते. माझ्याकडे न वळताच म्हणाले, "मिनू, बाटली दिसते की गं मला. एवढी वर्षं कॅम्पात माणसांत काढली. ज्यूस पिऊन कोण टेबलावर चढतं?" एसी घरघरायला लागला आणि पुढचं काही बोलले असतील तर मला ऐकू आलं नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. आईला, बाबांना, नाझनीनला. तो ज्यूस हाच तर जोक होता, आणि इंग्लिशला पहिली येणाऱ्या मुलीला तो कळला नव्हता.

पुढच्या गुरुवारी मी उशीवर जाऊन बसले. बाबा दिवाणावर. दुधी पुटपुटला. मी वळून म्हटलं, "बाबा, सांगू?" ते म्हणाले, "सांग की." मी सुरुवात केली. तो बॉसला म्हणतोय की, म्हणजे ॲक्च्युअली तो सरकॅस्टिकली म्हणतोय, म्हणजे त्याला उलटं म्हणायचंय. मराठी शब्द येईनात. जे यायचे ते शाळेच्या धड्यातले, वाळलेले. तोवर पुढचे दोन जोक निघून गेलेले. बाबा मन लावून ऐकत होते, भुवया उंचावून, एखाद्या नव्या कामगाराचं इंग्लिश ऐकावं तसे. हसायचाही प्रयत्न केला त्यांनी. ते मला सगळ्यात लागलं. मध्येच म्हणाले, "राहू दे गं, दमलीस. तुला कळतंय ना, तू बघ." आणि बातम्या बघायला शेजारच्या मित्राकडे गेले.

दोन दिवस मी शाळेत नाझनीनशी बोलायचा प्रयत्न केला. ती फटकून वागत नव्हती, नुसतीच 'हो', 'नाय' म्हणायची. शेवटी मी खाली गेले. दार खालांनी उघडलं. हात पिठाचे होते. मी आधीच ठरवून गेले होते की खोटं बोलायचं. म्हटलं, "खाला, मी त्या दिवशी मुद्दाम वाईट सांगितलं. तसं काही नव्हतं त्यात. ज्यूसच होता. नाझला पाठवा ना वर."

त्यांनी मला आत घेतलं, बसवलं, हातात बिस्किट दिलं. मग म्हणाल्या, "मिनल, मना काय कळत नाय काय गो? मुंबईत वाढलंय मी. पोरगी काय बगते ता मना पहिल्या दिवसापासून ठाऊक. पण तुजे बाबा हसतात, तुजी आई हसते, पोरगी खुश होते. कोण बोलला नव्हता तवर मी पाठवत होते. आता तू बोललीस. माज्यासमोर बोललीस. आता मी पाठवली तर मी कसली आई?" रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या फ्रॉकवर पडलेला बिस्किटाचा चुरा झटकला आणि मला दारापर्यंत सोडलं. मी जिना चढले, आणि खरं सांगते, लाज वाटत होतीच, पण आत कुठेतरी एक बारीक आनंदही होता. ती येणार नाही. आता बाबा हसले काय, न हसले काय, निदान तिच्यासाठी तरी हसणार नाहीत.

तो आनंद तीन आठवडे टिकला. मग माझ्या लक्षात आलं की बाबांना वर यायला उशीर होतो. बस खाली थांबल्याचा आवाज यायचा, आणि बाबा पाच-सात मिनिटांनी दारात. आणि चेहरा कसा, तर पुसून ठेवल्यासारखा, पण डोळे ओले. एका संध्याकाळी बसचा आवाज ऐकला आणि मी अनवाणी जिना उतरले, पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबून कठड्यातून खाली पाहिलं.

तळमजल्यावरचं दार उघडं होतं. उंबऱ्यात खाला उभ्या होत्या, हाताची घडी घालून. त्यांच्या पुढ्यात नाझनीन, आणि समोर कंपनीच्या निळ्या कपड्यांत, हेल्मेट काखेत धरून, माझे बाबा. नाझनीन दुधीची गोष्ट सांगत होती. दुधी आता अमेरिकेत नव्हता. तिने त्याला खोबरला आणला होता. तो इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, काढायला ऑफिसात रांगेत उभा होता, साहेब त्याला म्हणत होता 'बुकरा', म्हणजे उद्या ये, आणि दुधी टीव्हीवर जाऊन सांगत होता, मंडळी, उद्या कधी येईल त्याचा अंदाज नाय. ना टीव्ही, ना पाट्या, ना कुणाची बाटली. एका पोरीने रचलेली गोष्ट होती, दारात, आईसमोर. तिला अडवणार कोण? खालांनी ओढणी तोंडावर धरली होती. बाबा भिंतीला टेकले होते आणि त्यांच्या काखेतलं हेल्मेट हलत होतं.

मी धावत वर आले आणि काही घडलंच नाही अशी पुस्तक उघडून बसले. बाबा आले. आईने विचारलं, "काय हो, कसलं एवढं हसू?" बाबा बूट न काढताच खाली बसले आणि सांगायला लागले. त्यांना धड सांगता येत नव्हतं, मध्येच थांबत होते, इकाम्याच्या जागी लायसन्स म्हणाले, 'बुकरा' सगळ्यात शेवटी आठवला. मी पुस्तकात डोकं खुपसलं होतं. ओठ चावले, जीभ चावली, काही उपयोग झाला नाही. मी फस्सकन हसले. बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं, इतके खुश झाले, "कळला ना? कळला ना तुला?" आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. कधीची हवी होती मला ती. मिळाली, आणि तीही नाझनीनच्याच जोकवर मिळाली.